छाना रहो, काका

बडोद्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाला एक शब्द हमखास फसवतो. तो शब्द म्हणजे 'छाना'. आपल्या 'छान'च्या इतका जवळचा, की कानाला शंकासुद्धा येत नाही. गुजरातीत मात्र छाना म्हणजे गप्प. रडणाऱ्या बाळाला छाना ठेवतात, गोंगाट करणाऱ्या मुलांना छानामाना बसवतात.

माझे यजमान खानदेशातून इथल्या रिफायनरीत नोकरीला आले, तेव्हा त्यांना या शब्दाने पहिल्याच आठवड्यात गाठले. बोलणे हा त्यांचा स्थायिभाव. कंट्रोल रूममध्ये त्यांचा सूर एकदा लागला की घड्याळे आणि काटे बाजूला राहत. हाताखालचा वयस्कर गुजराती फोरमन शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, छानामाना बेसो ने!" पुढे हे आमच्या घरी मला पाहायला आले, तेव्हा माझ्या वडिलांना कौतुकाने सांगू लागले, "इथली माणसं फार सभ्य आहेत. माझा फोरमन रोज मला आग्रह करतो, साहेब, छान बसा." वडिलांच्या बशीतला चहा हिंदकळला. वडील जन्मापासून बडोद्याचे; त्यांना हसू आवरणे अवघड गेले. मला तर आवरताच आले नाही. आतल्या खोलीतून माझे हसणे बाहेर गेले, आणि यांनी विचारले म्हणे, "आत कोण हसतंय? तीच मुलगी ना?" लग्न तिथेच ठरले.

तेव्हापासून आमच्या घरात 'छानामाना' हा शब्द गप्प बसण्यासाठी कधी वापरलाच गेला नाही. यांच्या गप्पा रंगल्या की मी म्हणायची, "आता छान बसा." मग ते आणखी मोठ्याने बोलत. त्यांचा आवाज भरदार, खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत कडा असलेला. पितळी पातेल्यात पाणी ओतताना सुरुवातीला जो नाद उठतो, तसा. आमची लेक पुण्याहून फोन करी, तेव्हा मोबाइलची गरज नाही, बाबा खिडकीतूनच बोलले तरी ऐकू येईल, असे ती म्हणत असे.

त्या आवाजाच्याच जागी, घशात, आजार झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकले. आता गळ्याच्या तळाशी एक लहानसे छिद्र आहे, श्वास तिथूनच येतो-जातो. आत एक बारकी झडप बसवलेली आहे. अंगठ्याने छिद्र झाकायचे, श्वास वर लोटायचा, की आवाज निघतो. इस्पितळात असे बोलायला शिकवणाऱ्या बाईंना त्यांची प्रगती पाहून फार आनंद झाला होता. "इतक्या लवकर फार थोड्या जणांना जमतं," त्या म्हणाल्या. जमले होते हे खरे. पण तो आवाज वाळल्या पानांवरून कोणी पोते ओढत न्यावे तसा होता, आणि माझ्या यजमानांना तो आपला वाटत नव्हता.

घरी ते बोलत, फक्त माझ्याशी, खिडक्या लावून घेतल्यावर. दारावरची घंटा वाजली की अंगठा खाली येई. पाहुण्यांसाठी मोबाइलवर टाइप करून दाखवीत. लेकीचा फोन आला की स्पीकरवर तिचे सगळे ऐकत, हसत, आणि नंतर तिला मजकूर पाठवीत. तिने पुष्कळ विनवण्या केल्या, मी भांडून पाहिले. त्यांचे एकच उत्तर, तेही सावकाश, एकेका शब्दाला श्वास पुरवत: "तिच्या कानात माझा जुना आवाज आहे. तो तिथेच राहू दे." वर्ष उलटून गेले. मी भांडणे सोडले, आशा मात्र सोडवत नव्हती. या माणसाने माझ्याखेरीज आणखी एका माणसाशी बोलावे, एवढेच मला हवे होते. एक शब्द चालला असता.

येणारेजाणारेही विचित्र वागत. त्यांचा आवाज गेला होता, कान नव्हेत. तरी लोक त्यांच्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलत. काही तर त्यांच्यासमोर बसून मलाच विचारीत, "काकांना आता कसं वाटतंय?" आणि एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. आता त्यांना कोणी अडवत नव्हते. आयुष्यभर ज्याला प्रत्येकाने 'पुरे हो' म्हटले, त्या माणसाने मोबाइल हातात घेतला की सगळी खोली आदराने थांबत असे. त्या आदराचा वास मला सहन होत नसे. धूप विझल्यावर मागे उरतो तसा तो कोंदट होता.

फतेगंजच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक गुजराती गृहस्थ राहतात. त्यांना गोल्फचे वेड. आमच्याशी हौसेने मराठी बोलतात आणि ती मराठी ऐकण्यासारखी असते. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी ते दोन पास घेऊन आले. राजवाड्याच्या आवारातल्या मैदानावर स्पर्धा होती, बाहेरगावच्या व्यावसायिक खेळाडू मुली येणार होत्या.

यांनी टाइप केले: मला त्यातलं काही कळत नाही.

"मला पण पुष्कळ वरस नाही कळला, साहेब," शेजारी म्हणाले. "बायको अजून विचारते, काठी घेऊन कुठे जातोस? पण तिथे एक मजा आहे. कोणी बोलतच नाही. हजार माणूस उभा असला तरी चूप. जो बोलेल त्याला सगळे असे बघतात, जसा चोर पकडला."

यांनी मान वर केली. शेजारी गेल्यावर त्यांनी खिडकी लावली, गळ्याशी अंगठा नेला आणि म्हणाले, "जाऊ या."

ते खेळ पाहायला निघाले नव्हते, ते मला कळत होते. आवाज नसल्याची लाज वाटणार नाही अशी एक जागा त्यांना सापडली होती. मी स्वेटर काढले, थर्मासमध्ये चहा भरला. आणि मनातून मला ती जागा नकोशी वाटत होती. गप्प राहण्याला आणखी एक घर कशाला मिळवून द्यायचे?

सकाळी पोहोचलो तेव्हा धुके अजून झाडांच्या कमरेशी होते. कडुनिंब, रायण, मधूनच एखादा वड, आणि त्यांच्यामधून वाहत गेल्यासारखे हिरवे उतार. दवाने गवताचा रंग चांदीकडे झुकलेला. कोणी चालून गेले की मागे गडद पावलांची वाट उमटे. थंडीमुळे सगळ्यांच्याच गळ्यात मफलर होते, त्यामुळे यांचा मफलर कोणाच्या नजरेत भरत नव्हता.

त्यांनी आपल्या नाकावर बोट टेकवून माझ्याकडे पाहिले. ही आमची खूण. श्वास नाकातून जात नाही म्हणून त्यांना वास येत नाहीत. घरात फोडणीत कढीपत्ता पडला की तो मी त्यांना शब्दांनी देते. मी डोळे मिटले. "गवत आत्ताच कापलंय," मी हळूच सांगितले. "काकडीची साल काढताना येतो तसा वास आहे. त्याखाली ओली माती. आणि कोणीतरी डोक्याला आवळ्याचं तेल लावून आलंय." त्यांचे खांदे हलले. आता ते असेच हसतात, निःशब्द. त्यांनी समोरच्या एका चकचकीत, चापूनचोपून बसवलेल्या भांगाकडे बोट दाखवले.

गोल्फ कसे पाहतात हे आम्हाला कुठे ठाऊक होते? आम्ही चेंडू पाहायला गेलो आणि चेंडू दिसेचना. दोरीच्या अलीकडे लोक उभे, पलीकडे दूरवर एक मुलगी हातातला दांडा फिरवते, सगळ्यांच्या माना आकाशाकडे जातात, आणि आम्हाला फक्त आकाश दिसते. थोड्या वेळाने मी चेंडूचा नाद सोडला आणि कान उघडले. मग तो खेळ मला सापडू लागला. फटक्याचा आवाज अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, एकच, कोरडा, स्वच्छ. पण फटक्याआधी जे येत होते ते मला जास्त ओळखीचे होते.

मी आयुष्यभर कविता शिकवली. वृत्तात जिथे क्षणभर थांबायचे असते त्या जागेला यती म्हणतात. मंदाक्रांतेची ओळ म्हणताना विद्यार्थी नेमके तिथे घाई करीत, आणि मी त्यांना सांगत असे की ही जागा रिकामी नाही, पुढची सगळी अक्षरे इथेच दम धरून उभी आहेत. तशी थांबलेली माणसे मी इथे पाहत होते. कोणी अर्धवट उचललेला पाय तसाच ठेवलेला, कोणी वेफरचे पाकीट मुठीत दाबून धरलेले. झाडावरून थेंब पडला तर ऐकू येत होता. मधूनच मोर ओरडे, भर यतीत, आणि त्याला कोणी काही म्हणू शकत नसे.

माणसांना मात्र म्हणणारे होते. आमच्या बाजूला एक स्वयंसेविका उभी होती. पन्नाशीच्या आसपासची, नीटनेटकी सुती साडी, डोक्यावर स्पर्धेची टोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात 'शांतता'ची पाटी. शाळेत शिकवीत असावी. कुजबुजतानाही तिच्या आवाजात तास सुरू झाल्याची घंटा होती. मागे दोन बायका उंधियूत घालायच्या पापडीच्या शेंगांविषयी बोलत होत्या. ही वळली. "बेन, छाना रहो. पापडी घेर जईने चूंटजो." पापड्या घरी जाऊन निवडा! बायका ओठ मिटून हसल्या.

'छाना' ऐकताच यांनी माझ्याकडे पाहिले. आमच्या लग्नाचा शब्द. मी ओठांवर बोट ठेवले आणि खुणेने म्हटले, छान बसा.

नंतरचा तासभर मी खेळाडूंपेक्षा त्यांनाच पाहत राहिले. त्या गर्दीत सगळेच मुके झाले होते आणि मुकेपणात तरबेज असा एकच माणूस होता. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी भुवया उडवून विचारले, चेंडू कुठे गेला? यांनी हाताची कमान केली, बोटांनी झाड दाखवले, तळहात उलटा करून 'पलीकडे पडला' असे सांगितले. गृहस्थांनी अंगठा उंचावून दाद दिली. मग पुढच्या फटक्याला आणखी दोघे यांच्याकडेच वळून विचारू लागले. चेंडू यांना तरी दिसत होता की नाही, देव जाणे. कित्येक महिन्यांनी मी त्यांना माणसांत रमलेले पाहत होते. ही जागा त्यांना आवडली होती. इथे बोलावे लागत नव्हते.

मग ती मुलगी आली.

तिचा चेंडू वाट चुकून आमच्याच दोरीजवळ, कडुनिंबाखालच्या उतारावर येऊन थांबला होता. ती इतक्या जवळ उभी राहिली की तिच्या बाहीवरची मातीची बोटे दिसत होती. आमच्या लेकीहून लहान असावी. उन्हाने रापलेला चेहरा, घट्ट वेणी, आणि स्वतःशीच काही मोजत असल्यासारखे किलकिले डोळे. स्वयंसेविकेने पाटी उंच केली. शांतता उतरली. मुलीने पाय रोवले, खांदे सैल केले आणि दांडा उचलला.

ते वर जाणे सावकाश होते, पाणी भरलेली घागर उचलावी तसे. अगदी वर ती क्षणभर थांबली. मग तिचे सगळे शरीर एका वळणात खाली आले, दांड्याने गवताची फक्त टोके हलवली, आणि तो फिरून तिच्या डाव्या खांद्यावर जाऊन विसावला. कुठे अडखळ नाही, कुठे जोर नाही. माझी नजर सवयीने आकाशाकडे गेली.

शेजारी मफलरची सळसळ झाली.

"छान!"

त्या निवांत मैदानात तो आवाज केवढा मोठा वाटला! वाळल्या पानांचा, ओबडधोबड, पण शब्द स्वच्छ. माझ्या यजमानांचा अंगठा गळ्याशी होता आणि चेहरा दाद देताना उजळतो तसा उजळलेला होता.

चेंडू मात्र गवतातच बसलेला होता. मुलीने अजून मारलाच नव्हता. तिने फटक्याची नुसती तालीम केली होती. ओळ कागदावर उतरण्याआधी आपण ओठांत घोळवतो तशी. हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते, आम्हा दोघांखेरीज.

स्वयंसेविका गर्रकन वळली. "काका! छाना रहो ने! हजी मार्यो नथी!" अजून मारला नाही!

माझ्या जिभेवर सगळी वाक्ये एकदम आली. माफ करा, यांची शस्त्रक्रिया झाली आहे, यांना त्रास आहे, ते कधी बोलत नाहीत. वर्षभर मीच त्यांच्यासाठी हे बोलत आले होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझे मनगट धरले, घट्ट. मी त्यांच्याकडे पाहिले. कानापर्यंत लाल झालेला चेहरा, आणि त्या लालीतून वर येणारे काहीतरी, ज्याला मी आधी शरम समजले.

ते हसत होते. खांदे गदगदत होते, डोळ्यांच्या कडा ओल्या होत होत्या. त्या बाईला त्यांची दया आली नव्हती. तिने त्यांना थांबून, आदराने ऐकून घेतले नव्हते. फोरमनने गप्प केले होते, वडिलांनी केले होते, मी रोज करीत आले होते, तसेच तिने त्यांना गप्प केले होते. एका बोलघेवड्या माणसाला करतात तसे.

मुलगी दोन पावले मागे सरली होती. मला वाटले, आता ती रागावणार. तिने आवाजाच्या दिशेने पाहिले, टोपीला बोट लावले आणि यांच्याकडे पाहून किंचित हसली. मग पुन्हा चेंडूपाशी आली, पुन्हा तीच घागर उचलली, आणि या वेळी सुपारी फुटली. चेंडू फांद्यांखालून निघाला, उन्हात चमकला, आणि दूरच्या मऊ हिरवळीवर पडून निशाणाच्या बाजूला घरंगळत गेला. टाळ्या उठल्या. किती चांगला फटका होता ते मला सांगता येणार नाही. लोकांच्या चेहऱ्यांवरून चांगलाच असावा.

यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हाताला काम होते.

"छान!" ते पुन्हा म्हणाले, आधीपेक्षा मोठ्याने.

"हां, हवे बोलो, काका," स्वयंसेविका पाटी काखेत मारत म्हणाली. "हवे जेटलुं बोलवुं होय एटलुं बोलो." आता हवे तेवढे बोला. मग तिने कान टवकारले, तपासणाऱ्या नजरेने मफलरकडे पाहिले आणि मान हलवली. "गळुं साव बेसी गयुं छे तमारुं. ठंडी केटली पडे छे! आदु-हळदर लेजो, हं."

पार बसलेला गळा. थंडीने. आले-हळद घेतली की सुटेल असा. यांनी अत्यंत गंभीरपणे मान डोलवली, अंगठा टेकवला आणि आपल्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत उत्तर दिले, "लईश, बेन."

घेईन. ती पुढच्या झाडाकडे निघूनही गेली होती, माणसांना गप्प करीत.

त्यानंतर दुपारपर्यंत त्या मुलीच्या मागे मागे आम्ही उतारांवरून फिरलो. एका ठिकाणी तिचा चेंडू खळग्याच्या काठावर येऊन थांबला, आत पडलाच नाही, आणि तिने डोळे मिटून घेतले. यांनीही मिटून घेतले. थर्मासमधला चहा आम्ही वडाखाली बसून घेतला. मी त्यांना वेलचीचा वास सांगितला. परतताना रिक्षात ते बाहेर पाहत होते. मीही विचारले नाही. एखादी ओळ सुचून पुढची येत नाही, तेव्हा कवीला छेडू नये, हे मला कळते.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी नेहमीसारखा स्पीकर लावून टेबलावर ठेवला आणि कांदा चिरायला बसले.

"आई, काय केलंत आज? बाबा कुठेत?"

मी उत्तर द्यायला वळले, तर ते फोनजवळ येऊन बसले होते. उठून त्यांनी खिडकी लावली नव्हती. खालून भाजीवाल्याची हाळी, कोणाच्या तरी स्कूटरची घरघर, वरच्या मजल्यावरच्या बातम्या, सगळे घरात येत होते. त्यांनी अंगठा गळ्याशी नेला.

"आज," ते म्हणाले, आणि थांबले. श्वास घेतला. "आज मला एका बाईने छाना राहा म्हणून दटावलं. चारचौघांत."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कट झाला की काय, म्हणून मी सुरी खाली ठेवून वाकून पाहिले. सेकंद पळत होते, फोन चालू होता. यांचा अंगठा गळ्याशी तसाच होता. डोळे माझ्याकडे लागले होते.

मग लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग?" ती म्हणाली. आवाज भिजलेला, पण खोडी काढण्याचा सूर तोच, लहानपणापासूनचा. "बसलात का गप्प?"

"नाही," बाबा म्हणाले.